फॉरमॅट मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

स्पीकरमधून खरखर येते अशी तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला जो माणूस ती खरखर ऐकायच्या आधीच ‘फॉरमॅट मारून बघू’ म्हणतो, त्याला तंत्रज्ञ म्हणायला मी तयार नाही. त्याच्या गळ्यात कोणत्याही कंपनीचं ओळखपत्र असो. लाख-दीड लाखाचा गेमिंग लॅपटॉप, त्यावर जादा पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी, आणि शेवटी पदरात काय पडतं? विंडोज पुसून पुन्हा टाकलेलं यंत्र आणि त्यातून येणारा तोच आवाज. या प्रकाराला सेवा म्हणणं बंद केलं पाहिजे.

माझी भाची आर्किटेक्चरला आहे. आर्किटेक्चरची मुलं हे लॅपटॉप गेम खेळायला घेत नाहीत. थ्रीडी रेंडरिंगला तगडं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि ते याच वर्गातल्या यंत्रांत मिळतं, म्हणून घरचे पोटाला चिमटा काढून ते घेऊन देतात. तिचं यंत्र रेंडर सुरू झालं की तडतडायला लागायचं. गाणं लावलेलं असेल तर मध्येच चिरायचं, शब्द तुटायचे, कधी अर्धा क्षण नुसता ‘टर्र’ असा आवाज यायचा. रेंडर थांबलं की सगळं ठीक. तक्रार इतकी स्पष्ट होती. ती ऐकून कोणत्याही जाणत्या माणसाने पहिला प्रश्न विचारला असता, ‘रेंडर सुरू असतानाच येतो का?’ पुण्यातल्या त्या अधिकृत सेवा केंद्रात हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मी तिच्यासोबत होतो. डोक्यावर एसीची घरघर, बाजूला टोकन पुकारणारं यंत्र, आणि काउंटरपलीकडे जेमतेम पंचविशीतला एक मुलगा. “मॅडम, बॅकअप घेतलाय ना? फॉरमॅट मारून बघू.” भाची म्हणाली, “अहो, आधी ऐकून तर बघा. मी आत्ता लावून दाखवते.” तो म्हणाला, “सॉफ्टवेअरचाच इश्यू असतो, मॅडम. सगळ्यांचं असंच असतं.” जॉब शीटवर तक्रारीच्या रकान्यात त्याने एकच शब्द लिहिला, ‘साउंड’. कधी येतो, कसा येतो, चार्जर लावल्यावर येतो की नुसत्या बॅटरीवर, हेडफोनमध्ये येतो की नाही, यातलं काही नाही. खाली मुंगीच्या अक्षरांत छापलं होतं की डेटा गेल्यास कंपनी जबाबदार नाही, आणि त्याखाली सहीची रेघ. भाची माझ्याकडे वळून म्हणाली, “मामा, आवाज ऐकायलासुद्धा कोणी तयार नाहीये.”

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला दिवसाला किती यंत्रं ‘क्लोज’ करायची याचं उद्दिष्ट दिलेलं असतं आणि आवाज तपासायला शांत खोलीही दिलेली नसते. राग आहे तो ही व्यवस्था आखणाऱ्यांवर. ज्या केंद्रात आवाजाची तक्रार घेतली जाते तिथे आवाज ऐकू येईल असा एक कोपरा नसावा?

फॉरमॅट झाला. आवाज तसाच राहिला. दुसऱ्या खेपेला निदान आलं, ‘मदरबोर्ड बदलावा लागेल, वॉरंटीत बसतं का ते वरून कळेल.’ मग मी ते यंत्र घरी आणलं आणि लेटन्सीमॉन नावाचं एक छोटं साधन त्यावर चालवलं. घरगुती वापरासाठी ते मोफत मिळतं. रेंडर सुरू असताना कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून धरतो, हे ते नावानिशी दाखवतं. यादीत सगळ्यात वर नेटवर्कचा ड्रायव्हर होता. वायफाय बंद केलं, रेंडर पुन्हा लावलं, आणि गाणं स्वच्छ वाजलं. लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला वायफायचा आधीचा ड्रायव्हर टाकला. तडतड गेली ती आजतागायत आलेली नाही. फॉरमॅटनंतर विंडोजने तोच नवा ड्रायव्हर आपणहून पुन्हा उतरवून घेतला होता, त्यामुळे फॉरमॅटने फरक पडणार कुठून? आणि ज्या मदरबोर्डला आरोपी ठरवलं, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण ते समजलं की कोणीही तुम्हाला गुंडाळू शकणार नाही. आवाज स्पीकरला सलग मिळत नाही, तो तुकड्या-तुकड्यांनी मिळतो. विंडोज साधारण दहा-दहा मिलिसेकंदांचे तुकडे तयार करून पुढे देत असतं. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर एका तुकड्यात ४८० नमुने येतात. एक तुकडा वाजून संपायच्या आत पुढचा तयार असलाच पाहिजे. तेवढ्यात एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला तर पुढचा तुकडा वेळेवर पोहोचत नाही, स्पीकरला द्यायला काही उरत नाही, आणि आपल्याला ऐकू येते ती ‘टर्र’. ड्रायव्हरने असं काम १०० मायक्रोसेकंदांच्या आत आटपावं, असं मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगून ठेवलं आहे. हजारो मायक्रोसेकंद बसून राहणारे ड्रायव्हर तरीही सर्रास बाजारात येतात. गेमिंग लॅपटॉपमध्ये हे जास्त होतं, कारण तिथे दोन-दोन ग्राफिक्स चिप, त्यांच्यात सतत चाललेली अदलाबदल, पंख्यांचं नियंत्रण, रंगीत दिव्यांचं सॉफ्टवेअर, सगळे एकाच प्रोसेसरच्या मागे लागलेले असतात. या यंत्रांत आवाजाला नेहमी सगळ्यात शेवटची जागा मिळते.

दोष त्याहूनही खोल असू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये असूस कंपनीच्या आरओजी गेमिंग लॅपटॉपांबद्दल एका वापरकर्त्याने सविस्तर विश्लेषण जाहीर केलं. यंत्रावर काही जड काम चालू नसतानाही आवाज तडतडतो आणि चित्र अडखळतं, याचा माग त्याने थेट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेल्या बायोसमधल्या एसीपीआय कोडपर्यंत काढला. विजेचं व्यवस्थापन करणारा हा कोड ठरावीक अंतराने जागा होऊन प्रोसेसरला खोळंबून ठेवत होता. २०२१ पासूनच्या मॉडेलांवर त्याने बोट ठेवलं होतं. कंपनीने तपास करत असल्याचं मान्य केलं आणि काही मॉडेलांसाठी सुधारित बायोस आणला. आता मला सांगा, बायोसमधली चूक विंडोज पुसून जाते का? असा लॅपटॉप घेतलेल्या माणसाने आयुष्यभर फॉरमॅट मारला असता तरी आवाज गेला नसता. हे शोधायला कंपनीबाहेरचा माणूस लागावा, याहून मोठी नामुष्की ती कोणती? कंपनीकडे अभियंते आहेत, प्रयोगशाळा आहेत, प्रत्येक मॉडेलची यंत्रं आहेत. नाही ती फक्त गिऱ्हाइकाचं म्हणणं खरं मानायची तयारी.

दुसरा मोठा प्रकार चार्जरचा. बॅटरीवर लॅपटॉप शांत असतो, चार्जर लावला की बाहेरच्या स्पीकरमध्ये किंवा जॅकला लावलेल्या हेडफोनमध्ये गुणगुण सुरू होते. माउस हलवला तर तिच्यात बारीक चिरचिर मिसळते. इथे लॅपटॉपइतकाच आपल्या भिंतीतला सॉकेट संशयित असतो. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर दोनशे-तीनशे वॅटचा, तीन पिनांचा असतो. त्यातली वरची जाड पिन अर्थिंगची. चार्जरच्या आत असलेले छोटे कपॅसिटर विजेतली घाण त्या पिनेवाटे जमिनीत सोडतात. सॉकेटमागे अर्थिंगच नसेल तर ती घाण लॅपटॉपच्या अंगावर येते. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवून बघा. बारीक झिणझिण्या आल्या, पृष्ठभाग खरबरीत झाल्यासारखा लागला, तर तुमच्या घराचं अर्थिंग गेलेलं आहे किंवा कधी नव्हतंच. जुन्या वाड्यांत, चाळींत, आणि बिल्डरने पैसे वाचवलेल्या नव्या इमारतींतही हे आढळतं.

आणि अशा वेळी आपल्याकडे सल्ला काय मिळतो? ‘वरची पिन कापून टाका, नाहीतर टू-पिनचा कन्व्हर्टर लावा.’ हा सल्ला देणाऱ्याला दारात उभं करू नका. ती पिन आवाजासाठी दिलेली नाही, जीव वाचवण्यासाठी दिलेली आहे. काही वायरमन तर सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून देतात आणि ‘झालं काम’ म्हणून पैसे घेऊन जातात. न्यूट्रल कुठे तुटला तर लॅपटॉपच्या धातूच्या अंगात थेट २३० व्होल्ट येऊ शकतात. अर्थिंग कसं करायचं याचं भारतीय मानक आहे, आयएस ३०४३. परवानाधारक वायरमन बोलवा, मल्टिमीटरने त्याच्याकडून फेज आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्या. तो २३०च्या आसपास यायला हवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मात्र दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. अर्थिंग चांगलं असूनही गुणगुण राहिली तर लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. दोन वेगळ्या सॉकेटांच्या अर्थमधल्या फरकामुळे केबलमधून प्रवाह फिरतो आणि तोच ऐकू येतो. तरीही न गेल्यास स्पीकरच्या केबलमध्ये ऑडिओ आयसोलेटर टाका, पिनेला हात लावू नका. आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच गुणगुण वाढत असेल तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का ते बघा. तसा असेल तर लॅपटॉपला दोष देऊ नका.

यातलं काही सेवा केंद्रात सांगतात का? सेवा केंद्राचं अर्थिंग ठीक असतं, तिथे आवाज येत नाही, मग जॉब शीटवर शेरा पडतो की दोष आढळला नाही. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं आणि लॅपटॉपही बिघडलेला नसतो. ‘घरी जाऊन बॅटरीवर ऐकून बघा’ एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर माणसाचा हेलपाटा वाचला असता. ते वाक्य सांगायला पैसे पडत नाहीत. तरी ते कोणी सांगत नाही.

मग तो ‘टक्’ असा आवाज. गाणं सुरू करताना एकदा आणि थांबल्यानंतर काही क्षणांनी एकदा. वीज वाचवण्यासाठी ऑडिओ चिप वापर नसला की झोपते, झोपताना आणि जागी होताना तिच्या ॲम्प्लिफायरला झटका बसतो, तो स्पीकरमधून ऐकू येतो. खात्री करायची असेल तर मागे एखादी नि:शब्द ध्वनिफीत सतत वाजत ठेवा. टक् बंद झाला तर कारण सापडलं. लिनक्स वापरणाऱ्यांना ही झोप एका ओळीच्या सेटिंगने बंद करता येते. विंडोजमध्ये त्यासाठी रजिस्ट्रीत शिरावं लागतं, आणि हे सेटिंग सामान्य माणसाला दिसेल अशा जागी ठेवायची तसदी कंपन्यांनी घेतलेली नाही. शंभर वॅटच्या वर वीज खाणारं ग्राफिक्स कार्ड बसवायचं आणि ऑडिओ चिपची चिमूटभर वीज वाचवायला गिऱ्हाइकाच्या कानात टकटक करायची, यात कसलंही अभियांत्रिकी शहाणपण मला दिसत नाही.

आवाज ‘सुधारणाऱ्या’ सॉफ्टवेअरबद्दल तर मला चीडच आहे. नाहिमिक, डॉल्बी, डीटीएस, मॅक्सऑडिओ, यांपैकी काही ना काही गेमिंग लॅपटॉपमध्ये आधीच भरलेलं येतं. बहुतेक यंत्रांत स्पीकर दोन-दोन वॅटचे. त्यांच्या नखाएवढ्या पडद्याकडून हे सॉफ्टवेअर दणदणीत बास मागतं, पडदा त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला जातो आणि आवाज फाटतो. दुकानात लावून दाखवताना पाच मिनिटं तो भारी वाटतो, घरी कानाला टोचतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन आपला स्पीकर निवडा आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. लॅपटॉप घरी आणल्या दिवशीच करा. कंपनीने खोकं भरताना ते बंद ठेवलं असतं तर निम्म्या लोकांवर केंद्राची पायरी चढायची वेळ आली नसती, असं माझं ठाम मत आहे.

आवाज पूर्ण बंद केला तरी बारीक शिट्टी येत असेल, तर ती स्पीकरची नाहीच. वीजपुरवठ्याच्या भागातल्या कॉइल थरथरतात, त्यांची ती शिट्टी. गेमच्या मेनूत ग्राफिक्स कार्ड मोकाट सुटून सेकंदाला शेकडो चित्रं काढतं तेव्हा ती वाढते. चित्रांची गती साठवर बांधून टाका, ती दबेल. फॉरमॅटने जाणार नाही. आणि ठरावीक सुरावरच झर्रर्र होत असेल तर यांत्रिक कारण शोधा. सुटलेला स्क्रू, स्पीकरच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कण, फाटलेला पडदा. शंभर हर्ट्झपासून हळूहळू चढत जाणारा एकच सूर वाजवा, झरझर ज्या जागी येते तिथे लॅपटॉपची कड तळव्याने दाबा. दाबल्यावर थांबली तर स्क्रू, न थांबली तर स्पीकर. स्पीकरची जोडी मदरबोर्डच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणूनच मदरबोर्ड बदला म्हणणाऱ्याला आधी स्पीकर बदलून दाखवायला सांगा.

हे सगळं वेगळं काढायला लागतं काय? आवाज बंद करून ऐकणं. ब्लूटूथ हेडफोन लावून ऐकणं. चार्जर काढून ऐकणं. आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ऐकणं. शेवटची चाचणी सगळ्यांत महत्त्वाची, कारण त्यात विंडोजला, डिस्कवरच्या एकाही फाइलला धक्का लागत नाही. तडतड लिनक्समध्येही आली तर दोष यंत्रात किंवा बायोसमध्ये, मग विंडोज पुसण्यात अर्थ नाही. लिनक्समध्ये नाही आली तर दोष बहुधा ड्रायव्हरमध्ये, मग तो एक ड्रायव्हर बदला, संपूर्ण डिस्क पुसण्याचं कारण नाही. दोन्हीकडून बघा, फॉरमॅट कुठेच बसत नाही. तरीही तोच पहिला इलाज का? कारण फॉरमॅट मारायला डोकं लागत नाही, तो कोणालाही मारता येतो, आणि त्यानंतर कागदावर ‘दुरुस्ती केली’ असं लिहिता येतं. गिऱ्हाइकाचं प्रोजेक्ट, त्याची सेटिंग, त्याचे आठवडे यांची किंमत त्या कागदावर शून्य आहे.

गेमिंग लॅपटॉपची परीक्षणं करणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. ग्राफिक्स कार्ड कितवं, गेम किती गतीने चालतो, पडद्याचे रंग किती, यावर त्यांची वीस-वीस मिनिटं जातात. जड काम चालू असताना आवाज तुटतो का, चार्जर लावल्यावर जॅकमध्ये गुणगुण येते का, हे बघायला हेडफोन लावण्यापलीकडे काही करावं लागत नाही. ते फारसं कोणी करत नाही, म्हणून कंपन्यांना आवाजाकडे बघायची गरज वाटत नाही.

ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली याच पुण्यात उभी केली. त्या शहरातला शिकला-सवरलेला माणूस काउंटरवर ‘साउंड’ एवढा एक शब्द लिहिलेल्या कागदावर सही करून निमूट घरी जातो, हे मला पटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. मालातला दोष आणि सेवेतली न्यूनता या दोन्हींबद्दल त्यात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, आणि बहुतेक गेमिंग लॅपटॉप त्याच्या आतच बसतात. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण या सगळ्याला पुरावा लागतो, आणि एका शब्दाची जॉब शीट हा पुरावा नव्हे.

म्हणून पुढच्या वेळी केंद्रात जाल तेव्हा घरीच मोबाइलवर आवाजाचं चित्रीकरण करून न्या, त्यात चार्जर लावलेला आणि काढलेला दोन्ही दाखवा. आवाज कधी येतो, कधी थांबतो, हेडफोनमध्ये येतो का, लिनक्समध्ये येतो का, हे चार ओळींत लिहून न्या आणि त्या ओळी जशाच्या तशा जॉब शीटवर उतरवून घ्या. फॉरमॅट सुचवला तर कोणत्या निदानावरून सुचवला ते लेखी मागा. लेखी द्यायला नकार दिला तर सही करू नका, लॅपटॉप उचला आणि त्याच दिवशी १९१५ला फोन लावा.